साठ पावलं मागे

मानखुर्द मागे पडलं आणि खाडीच्या पुलावर चढता चढता
ट्रेलरचं डावं चाक किंचाळलं.
रात्रीचे पावणेतीन.
दिगंबर म्हणाला, बेअरिंग.
तीस वर्षं तो प्रत्येक आवाजाला बेअरिंगच म्हणत आलाय,
या वेळी बरोबर निघाला.

माहीमच्या बोळात दोन वर्षं खपून,
सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडून
बांधलेलं चाकांवरचं घर.
दोन बर्थ, एक सिंक,
खिडकीला माझ्या जुन्या नारायणपेठेचा पडदा.
रंग मी निवडला होता. करडा.
पुलावरच्या अंधारात करड्याचं काय होतं
ते दुकानदाराने सांगितलं नव्हतं.
मागचे दिवे चाकाबरोबरच गेले,
वायर घासून जळली होती.

त्रिकोण होता.
होता म्हणजे गाद्यांखाली, स्टोव्हखाली,
ज्या खोक्यावर मी स्वतः निळ्या पेनाने लिहिलं होतं
‘लागणार नाही ते सामान’, त्या खोक्यात.
मग कठड्याशी आमचा संसार उतरला.
कुकर, लिंबाचं लोणचं, मच्छरदाणी,
मिक्सर चालणार नाही म्हणून घेतलेला पाटा-वरवंटा,
आणि तळाशी तो,
किमतीचं लेबलसुद्धा न काढलेला,
एक पाय मोडलेला.

दहा पावलं मागे ठेव, दिगंबर म्हणाला.
तेवढ्यात एक टँकर गेला
आणि पुलाची पाठ माझ्या टाचांत थरथरली.
मी म्हटलं, साठ.
दहा पावलांवरून त्यांना आपण दिसू,
पण थांबता यायचं नाही.

एका काखेत त्रिकोण, दुसऱ्या काखेत वरवंटा,
कठड्याला खांदा घासत मी मोजत निघाले.
अकरा. बारा.
फुटलेल्या काचेचे तांदूळ.
सव्वीस. एक एकटी चप्पल, तिच्याकडे पाहिलं नाही.
चाळीसला कुणाची तरी वाळलेली फांदी,
अर्धवर्तुळात मांडलेले पाच धोंडे.
कोणाची तरी गाडी इथे बसली होती कधीतरी.
ती दुरुस्त झाली, गेली.
आपल्याकडे माणूस जातो आणि धोंडे ठेवून जातो,
मग पुढच्याला धोंड्यांपासूनच जपावं लागतं.

एकेचाळीस.
माझा मावसभाऊ हरेश्वर
घाटकोपरला टेम्पोचं टायर बदलत होता.
त्याच्या मागे काही ठेवलेलं नव्हतं.
मागे तो स्वतःच होता.
बेचाळीस, त्रेचाळीस,
मग मोजणी चुकली, मी मनाने पन्नास धरले.

साठाव्याला त्रिकोण उभा केला,
मोडक्या पायावर वरवंटा टेकवला
आणि कठड्यापलीकडच्या पट्टीवर जाऊन उभी राहिले.
खाली ओहोटी. चिखलाचा वास.
लांबून दोन दिवे आले.
त्रिकोण आधी राखाडी होता,
मग एकदम निखाऱ्यासारखा पेटला,
आणि त्या गाडीने इंडिकेटर दिला,
शहाण्यासारखी उजवीकडे सरकली.
कोण होतं कुणास ठाऊक. ऐकलं.
मग एक ट्रक. मग दुधाची गाडी.
मग कुणी तरी लग्नाहून परतणारं, फुलं लावलेलं.
सगळे उजवीकडे.
आमच्या घरात माझं एवढ्या जणांनी
एका रात्रीत कधी ऐकलं नव्हतं.

साडेपाचला क्रेन आली.
त्रिकोण आणायला गेले, म्हटलं जाता जाता हेही करू,
ते पाच धोंडे एकेक करून पायाने कडेला लोटले,
फांदी खाडीत टाकली.
येताना पुन्हा मोजली पावलं, छप्पन्नच भरली.
उजेडात पावलं लांब पडत असतील
किंवा रात्री मी भीतीने आखूड टाकली असतील.
दिगंबरला सांगितलं नाही.

वाशीहून वळून, उलट्या बाजूने घरी निघालो.
क्रेनवाल्याच्या केबिनमध्ये आम्ही दोघं दाटीवाटीने,
मागे आमचं घर एका चाकावर लंगडत,
त्रिकोण माझ्या मांडीवर.
चेंबूर आलं आणि मला वरवंटा आठवला.

परत फिरवा, मी म्हटलं.
क्रेनवाला माझ्याकडे पाहत राहिला.
मॅडम, सामान राहिलं का काही?
धोंडा राहिला, म्हटलं.
आमचा.